पैलीचेट्टनचा दुसरा भाग

आमच्या आनिक्कल गावात ज्याला टोमिनचा पिक्चर आवडत नाही तो सरळ पैलीकडे जातो. पिक्चर काढणार टोमिन, राहणार कोचीला, आणि त्याचा फोन उचलणार त्याचा मॅनेजर. मग माणसानं राग काढायचा कुठं? पैली त्याचा थोरला भाऊ, गावाचा पैलीचेट्टन, म्हणजे पैलीदादा. रोज सापडणारा, आणि वर शांतपणे ऐकून घेणारा. रबराच्या शीटा लाटायचं यंत्र त्याच्या घरामागं आहे. आजूबाजूचे लोक आपापला चीक नाहीतर शीटा तिथंच विकायला घेऊन येतात, त्यामुळं गिऱ्हाईक आणि तक्रारदार एकच.

"पैलीचेट्टा, या खेपेला खुनी मध्यंतराआधीच कळला हो. हे काही बरोबर नाही."

"सांगतो त्याला," पैली म्हणायचा. आणि खरंच सांगायचा. संध्याकाळी ओट्यावर बसून फोन लावायचा. "टोमी, कुंजप्पन म्हणतो खुनी लवकर कळला. कंपाउंडर म्हणतो विष एवढ्या लवकर चढत नाही. आणि लिसी टीचर म्हणते, तुझ्या पिक्चरमधल्या बायका नुसत्या दार उघडतात आणि किंचाळतात, त्यांना दुसरं काम दे." नळाला पाणी येत नाही म्हणून वॉर्डात सांगावं तसं सांगायचा. पिक्चर चालला की हेच लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवून फिरायचे. पडला की त्याच्या वजनकाट्यावर संशय घ्यायचे.

मी देवस्सी, इथल्या चर्चचा कपियार. म्हणजे घंटा ओढणं, मेणबत्त्या लावणं, पाद्र्यांचे झगे घडी करणं ही माझी कामं. मत मांडायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही, पण तिकीट मीही काढतो. माझं म्हणणं एवढंच की मध्यंतरापर्यंत एक तरी प्रेत पडलं पाहिजे. माझी बायको कुंजेली म्हणते की टोमिनचा पहिला पिक्चर तेवढा खरा, त्यानंतर सगळा उतार. यावरून आमच्या घरात दोन-दोन दिवस अबोला असतो. आमचे पाद्री मत्तायी अच्चन तर झगा काढून शर्ट-पँट चढवून शेजारच्या गावात दुपारचा खेळ बघायला जातात. आम्ही त्यांना तिथं बघतो, ते आम्हाला बघतात, आणि कुणीच कुणाला ओळखत नाही.

आता पैलीचं सांगतो. बाप गेला तेव्हा टोमिन प्राथमिक शाळेत. पैलीनं आपली शाळा सोडली, बापाची सुरी घेतली आणि पहाटे उठून रबराच्या झाडांना चिरे पाडायला लागला. त्या चिकावर टोमिन शिकला. पुढं त्यानं भावाला सिनेमा शिकायला पुण्याला पाठवलं तेव्हा गावानं कपाळाला हात लावला होता. भावाची फी झाली, मग आईचं अंथरूण झालं, ती गेली, तोवर पैलीच्या डोक्यावर केस राहिले नव्हते. लग्न राहून गेलं म्हणजे कुणी मोडलं वगैरे नाही. राहूनच गेलं. बस थांब्यावर उभं राहावं आणि कुणाची तरी पिशवी उचलून देता देता आपलीच बस निघून जावी, तसं.

मग नदीपलीकडची त्रेस्या रिक्षातून चीक घेऊन यायला लागली. विधवा बाई, थोडी रबराची झाडं, थोडं शिवणकाम. एकदा ती म्हणाली, "तुमचं यंत्र फार कुरकुरतं." पुढच्या आठवड्यात यंत्राचा आवाज बंद. तिच्या ते लक्षात आलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिनं केळ्याची भजी आणली, आणि पैलीनं ती मला दिली नाही, यावरून माझ्याही लक्षात आलं. यापलीकडं त्यांच्यात काही घडलं असेल तर मला ठाऊक नाही. त्या वयात तेवढं पुष्कळ होतं.

त्रेस्याचा भाऊ कुरियाच्चन लाकडाचा व्यापारी, आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी. त्यानं घर बघितलं, जमीन बघितली, भाऊ डायरेक्टर म्हणजे लग्नाला कोण कोण येईल याचा हिशेब केला आणि हो म्हणाला. आमच्याकडं लग्न ठरलं की ओळीनं तीन रविवार चर्चच्या प्रार्थनेत, मिस्सेमध्ये, त्याचा पुकारा होतो. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, कुणाला काही आडकाठी ठाऊक असेल तर पाद्र्यांना येऊन सांगावी. पहिल्या रविवारी अच्चननी पैलीचं नाव वाचलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला. इतकी वर्षं त्यानं दुसऱ्यांचीच नावं ऐकली होती.

आणि त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी टोमिनचा नवा पिक्चर आला, 'घरातला माणूस'.

जयमाता टॉकीजमध्ये पहिल्या खेळाला सगळं गाव. पडद्यावर एक रबरवाला. लग्न न झालेला थोरला भाऊ, टक्कल, तोच ओटा, तसंच यंत्र. लोकांनी वळून वळून पैलीकडं बघितलं. तो खुर्चीत बुडून बसला होता. मग पडद्यावर रबर कापायची धारदार सुरी दिसली. चीक गोठवायच्या अॅसिडचा कॅन दिसला. शीटा वाळवायचं धूरघर दिसलं, त्याचं जड दार बंद झालं, आणि फटीतून धूर आला. मी कुंजेलीला कोपर मारलं. टोमिनच्या पिक्चरमध्ये सुरी, अॅसिड आणि बंद दार एकामागोमाग दाखवतात म्हणजे दुसरं काय समजायचं माणसानं?

मध्यंतरात चहाच्या दुकानापाशी खून कुणाचा झाला यावर पैजा लागल्या. अजून कुणी मेलं नव्हतं, ही अडचण कुणाच्या ध्यानातही आली नाही. मध्यंतरानंतर तो पडद्यावरचा माणूस भावाच्या शाळेचा शर्ट इस्त्री करतो. आईला भरवतो. भाऊ मोठा होऊन निघून जातो. शेवटी तो एकटा जेवतो, ताट धुतो, दिवा मालवतो आणि झोपतो. संपलं.

कुणी उठलं नाही. नावं संपली, पडदा पांढरा झाला, पंखे बंद झाले, तरी माणसं बसलेली. शेवटी टॉकीजचा मालक पुढं येऊन म्हणाला, "अहो, घरी जा. एवढंच आहे."

"एवढंच कसं?" कुंजप्पन म्हणाला. "धूरघरात काय होतं?"

"शीटा होत्या."

"आम्ही शीटा बघायला तिकीट काढलं?"

मला राग आला होता हे मी कबूल करतो, आणि अजूनही आहे. दोन तास जीव मुठीत धरून बसलो आणि शेवटी ताट धुतो? ताट मीही धुतो. बाहेर आल्यावर गावाचे दोन तट पडले. एक म्हणत होता की टोमिन संपला, त्याला आता सुचत नाही. दुसरा म्हणत होता, तुम्हाला कळत नाही, टोमिन असा सोडणारा नव्हे, ही नुसती मांडणी आहे, खरं काय ते दुसऱ्या भागात. रात्र व्हायच्या आत पहिला तट दुसऱ्यात विरघळला. टोमिन संपला असं मानण्यापेक्षा पैलीनं कुणाला तरी मारलंय असं मानणं सगळ्यांना सोपं गेलं.

कारण पिक्चर पैलीवरच होता, हे तर आंधळ्यालाही दिसत होतं. म्हणजे दुसरा भागही त्याच्यावरच. आणि दुसऱ्या भागात जे निघणार ते भावाला ठाऊक असणारच, नाहीतर त्यानं पिक्चर काढलाच कशाला?

दुसऱ्या रविवारी अच्चननी पुकारा केला, "कुणाला काही आडकाठी ठाऊक असेल तर," आणि सगळी मिस्सा पैलीकडं वळली. कुणी काही बोललं नाही. पण पूर्वी न बोलणं म्हणजे काही नाही असं असायचं. आता न बोलणं म्हणजे अजून नाही असं झालं होतं.

त्या आठवड्यात पैलीच्या धंद्याला बरकत आली. ज्यांच्याकडं रबराचं एक झाड नाही असेही लोक भाव विचारायला येऊन धूरघरात डोकावून जात. कुरियाच्चन तर दोघा मेव्हण्यांना घेऊन आला. घरात एक खोली कुलूपबंद होती.

"हिच्यात काय आहे?"

"शीटा," पैली म्हणाला.

"कुलूप कशाला?"

"भाव पडलाय. वाढला की विकीन म्हणून ठेवल्यात."

कुलूप काढलं. आत छतापर्यंत शीटा. मेव्हण्यांनी मागचा ढीगसुद्धा हलवला. आमच्या भागात अशी एक खोली घरटी असते, कुरियाच्चनच्याही घरात आहे, पण त्या दिवशी ती बघून त्याचं समाधान झालं नाही. त्यानं पोलीस ठाण्यात ओळख काढली, बँकेत काढली, पैलीच्या शाळेतल्या म्हाताऱ्या मास्तरांना गाठलं. सगळीकडून एकच उत्तर आलं की माणूस सरळ आहे. प्रत्येक वेळी कुरियाच्चनचा चेहरा आणखी काळजीनं उतरायचा.

पैलीनं शेवटी टोमिनला फोन लावला. मी शेजारीच होतो, चर्चच्या पायऱ्यांवर.

"टोमी, दुसरा भाग नाही म्हणून सांगून टाक ना बाबा."

"चेट्टा, दुसरा भाग नाहीच आहे. ती तुझी गोष्ट होती. तुला आवडली की नाही, तेही तू सांगितलं नाहीस."

"आवडली रे. पण माझं लग्न मोडतंय."

टोमिन घाबरला. दुसऱ्याच दिवशी टीव्हीवर येऊन त्यानं हात जोडून सांगितलं की या पिक्चरला दुसरा भाग नाही, यात काही दडलेलं नाही, हा एका साध्या माणसाचा साधा पिक्चर आहे. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं. घात झाला. याच टोमिननं मागच्या वेळी मुलाखतीत सांगितलं होतं की खुनी घरातला नाही, आणि निघाला होता सख्खा काका. त्याच्या आधी म्हणाला होता की नायक मरत नाही, आणि नायक पहिल्या दहा मिनिटांत गेला होता.

"बघितलंत?" कुंजप्पन म्हणाला. "हात जोडले. मोठंच काहीतरी आहे."

आता मात्र पैली खचला. शनिवारी दुपारी मी मेणबत्त्यांचं मेण खरवडत होतो, तर येऊन बाकावर बसला. मग म्हणाला, "देवस्सी, मी काहीतरी कबूल करू का?"

"काय केलंयस?"

"काही नाही. पण एखादी लहानशी भानगड सांगितली तर त्यांचा जीव शांत होईल. मग तेवढ्यावर मिटेल."

"आहे का तुझ्याकडं एखादी?"

तो विचार करत बसला. माणूस एवढा डोकं खाजवून पाप आठवताना मी कबुलीजबाबाच्या वेळीसुद्धा बघितलेला नाही. शेवटी त्याला एक सापडलं. लहानपणी त्यानं शेजाऱ्याचा कोंबडा चोरून खाल्ला होता. तो तसाच उठून नदीपलीकडं गेला आणि कुरियाच्चनपुढं उभा राहून कोंबड्याचं सांगून आला. कुरियाच्चननं सगळं ऐकून घेतलं आणि मेव्हण्यांना म्हणाला, "मोठं लपवायचं असलं की माणूस लहान सांगतो. टोमिनच्या तिसऱ्या पिक्चरमध्ये हेच होतं."

पैली परत आला तो पाय ओढत. "मला ती हवी होती रे," एवढंच म्हणाला. मी त्याच्या पुढ्यात चहा ठेवला. त्यानं तो तसाच ठेवला. मला त्याच्यासाठी वाईट वाटत होतं आणि खरं सांगायचं तर धूरघरात नक्की काय असेल असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं, त्याला मी काय करू.

तिसऱ्या रविवारी मिस्सेच्या आधी वेदीमागच्या खोलीत मी अच्चनना झगा चढवत होतो. पैली नवा शर्ट घालून दाराशी उभा होता, आत यावं की नाही ठरत नसल्यासारखा. त्याला बाजूला सारून कुरियाच्चन आत आला.

"अच्चो, आडकाठी आहे. पुकारा थांबवा."

अच्चन एका बाहीत हात घालून थांबले. "काय आडकाठी?"

"आम्ही सगळीकडं चौकशी केली."

"मग?"

"काहीही सापडलं नाही."

"मग आडकाठी काय, कुरियाच्चा?"

"तीच तर, अच्चो. काहीच सापडलं नाही. पन्नाशीचा माणूस, आणि काहीच नाही? तुम्हीच सांगा, असं असतं का?"

आता पाद्र्यांनी यावर त्याला दारातून बाहेर काढायला हवं होतं. पण मत्तायी अच्चनचा चेहरा मी वाचला. तेही शर्ट-पँट घालून तो पिक्चर बघून आले होते. "तसं म्हटलं तर," ते हळूच म्हणाले, "ते धूरघराचं दार एवढा वेळ का दाखवलं, हे मलाही कळलं नाही. थोडं थांबायला हरकत नाही."

पैलीनं दारातून विचारलं, "कुठवर थांबायचं, अच्चो?"

"दुसरा भाग येईपर्यंत," कुरियाच्चन म्हणाला.

"आणि तो आलाच नाही तर?"

कुरियाच्चननं अच्चनकडं बघितलं, अच्चननी माझ्याकडं. पैलीनं मान हलवली, शर्टाचं वरचं बटण उगाचच काढलं आणि पुन्हा लावलं. तेवढ्यात त्याच्या मागून आवाज आला, "जरा सरका." त्रेस्या. तिला भावजयीबरोबर बाहेर रिक्षात बसवून ठेवलं होतं. छत्री मिटत आत आली.

"तू कशाला आलीस?" कुरियाच्चन म्हणाला. "पुरुषमाणसं बोलतायत."

"बोला की. पण चेट्टा, चाक्कोची चौकशी कुणी केली होती?"

चाक्को म्हणजे तिचा पहिला नवरा. मस्कतला होता. कुरियाच्चन मिशी चाचपायला लागला.

"तुम्हीच केली होतीत. तेव्हाही काही सापडलं नव्हतं. उलट दहा जणांनी सांगितलं, हिरा आहे. आणि तो गेला, त्याची शवपेटी समोरच्या खोलीत ठेवली होती, तेव्हा टॅक्सी आली. तिच्यातून एक बाई उतरली, दोन पोरं घेऊन. तिच्या बोटात माझ्यासारखीच अंगठी. तुम्ही सगळे होता तिथं. देवस्सीचेट्टा, तुम्हीही होता, मेणबत्ती धरून."

मी होतो. ते कुणाला ठाऊक नाही? अजून कुठं विषय निघाला की लोक म्हणतात, टोमिनलासुद्धा असा शेवट सुचणार नाही. मीही म्हटलंय.

"तुम्ही सगळे माना वळवून वळवून बघत होता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ती पोरं लांबून आली होती. उपाशी होती. शेजाऱ्यांनी आणलेली पेज होती, ती मी त्यांना वाढली. बाहेर नवऱ्याची पेटी, आणि आत मी त्याच्या पोरांना पेज वाढतेय. धाकटा म्हणाला, आणखी द्या. मी आणखी दिली."

अच्चननी दुसरी बाही शोधायला सुरुवात केली. ती त्यांना सापडेना.

"मी हा पिक्चर बघितला," त्रेस्या म्हणाली. "पुन्हा जाऊनही बघितला. तो माणूस जेवतो, ताट धुतो, दिवा मालवतो आणि झोपतो. तुम्हाला वाटलं पैसे फुकट गेले. मला वाटलं, शेजारच्या खोलीत असा माणूस असेल तर मला किती झोप लागेल. चाक्को गेल्यापासून मी धड झोपलेली नाही, चेट्टा. आता काय उघडकीला येईल, आता कोण दार वाजवेल."

कुरियाच्चनची मिशी हलली. त्याचे डोळे भरले होते, पण माणूस हट्टी. "आणि उद्या याचंही काही निघालं तर?"

"निघेल तेव्हा निघेल. तोवर मला जरा कंटाळा येऊ दे."

अच्चनना एकदाची दुसरी बाही सापडली. मग अच्चन मला म्हणाले, "देवस्सी, बघतोस काय? घंटा." मी दोरीकडं गेलो. जाता जाता बघितलं तर कुरियाच्चन भिंतीकडं तोंड करून नाक शिंकरत होता, आणि पैली दाराच्या चौकटीला टेकून लहान पोरासारखा रडत होता, अगदी खांदे हलवून. बाहेर बाकांवर सगळं गाव येऊन बसलेलं, आणि दार उघडं.

त्रेस्यानं छत्री काखेत धरली आणि पदर सावरत बायकांच्या बाजूला निघाली. पैलीपाशी क्षणभर थांबली.

"डोळे पुसा," ती हळूच म्हणाली. "लोक बघतायत. त्यांना वाटेल, निघालं काहीतरी."